आजीचे पोट आणि पाण्याचा हिशेब

पातूर हे अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. तिथल्या एका शाळेत नववीच्या मुलांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. विषय होता पचनसंस्था. तास संपला, मुले पांगली आणि एक मुलगी मागे राहिली. चारचौघांत विचारायला तिला लाज वाटली असावी.

‘‘सर, आमच्या आजीचं मांडीचं हाड मोडलं, तवापासून ती खाटीवरच हाय. धा दिवस तिले परसाकडं झालंच नाई. आन् आता दोन दिवसांपासून सारखं पातळ होऊन राह्यलं. मंग तिले बद्धकोष्ठ म्हनाव का हगवन?’’

घरच्यांनी हगवण समजून मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणली होती. सकाळी एक देऊन झाली होती, संध्याकाळी दुसरी द्यायची होती.

प्रश्न उत्तम होता आणि उत्तर तातडीचे होते. दुसरी गोळी देऊ नका, आजींना आजच डॉक्टरांना दाखवा, आणि ‘आधी दहा दिवस झाले नव्हते’ हे त्यांना आठवणीने सांगा, एवढेच आम्ही त्या वेळी म्हणालो. आम्ही ‘डॉक्टर’ असलो तरी पदवीचे, औषध देणारे नव्हे. पण असे का म्हटले, त्यामागचे विज्ञान शिक्षकांनी आणि मोठ्या मुलांनी जरूर समजून घ्यावे असे आहे. अंथरुणाला खिळलेले माणूस आज ना उद्या बहुतेक घरांत असते आणि त्याची शुश्रूषा करणारी माणसेही त्याच घरातली असतात.

नऊ लिटरचा हिशेब

पाठ्यपुस्तकात मोठ्या आतड्याला दोन-तीन ओळी मिळतात: ‘येथे पाणी शोषले जाते आणि उरलेला भाग बाहेर टाकला जातो.’ त्या दोन ओळींत सगळी गोष्ट दडलेली आहे. थोडे आकडे घालून ती पाहू.

आपण दिवसभरात खातो-पितो त्यातून सुमारे दोन लिटर पाणी पोटात जाते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून आणखी सुमारे सात लिटरांची भर पडते. असे नऊएक लिटर द्रव रोज लहान आतड्यात उतरते. त्यातले बहुतेक लहान आतडेच परत शोषून घेते. मोठ्या आतड्यापर्यंत लिटर-दीड लिटर पोचते. तिथेही शोषण चालूच राहते आणि शेवटी मलावाटे बाहेर पडते फक्त शंभर ते दोनशे मिलिलिटर, म्हणजे फुलपात्रभर पाणी.

या व्यवहारात मोठे आतडे हा फार काटकसरी कारकून आहे. माल जितका वेळ त्याच्या टेबलावर पडून राहील तितके पाणी तो काढून घेत राहतो. निरोगी मलात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. हे प्रमाण थोडेसे घटले तरी मऊ गोळ्याचा घट्ट खडा होतो. म्हणून बद्धकोष्ठतेचा प्रश्न मुळात दोन गोष्टींचा आहे: पाणी किती उरले आणि माल किती वेळ थांबला. पुढची सगळी औषधे या दोनच गोष्टींवर काम करतात.

माल पुढे ढकलण्याचे काम आतड्याच्या भिंतीतले स्नायू करतात. मागचा भाग आकुंचन पावतो, पुढचा सैलावतो आणि आतला पदार्थ पुढे सरकतो. या क्रमाकुंचनाचे नियम बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ साली मांडले. मेंदूकडून येणारे चेतातंतू कापले तरी ही हालचाल चालू राहते, कारण आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते. मोठ्या आतड्यात मात्र नेहमीच्या संथ हालचालीखेरीज दिवसातून काही वेळा एक मोठी लाट येते आणि बराच माल एका दमात मलाशयाकडे जातो. ही लाट बहुधा उठल्यानंतर आणि जेवल्यानंतर येते. सकाळच्या चहानंतर ‘जावेसे’ वाटते ते यामुळे. मलाशयाची भिंत ताणली गेली की संवेदना होते. ती वेळ टाळली की संवेदना विरते, माल तिथेच राहतो आणि कारकून पुन्हा पाणी काढू लागतो.

अंथरुणात नेमके काय बिघडते?

खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत या साखळीतली जवळजवळ प्रत्येक कडी सैल झालेली असते.

चालणे-फिरणे बंद झाल्याने आतड्याची गती मंदावते. वयपरत्वे तहानेची जाणीव बोथट होते. त्यात अकोला जिल्ह्याचा उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की घामावाटे पाणी जाते आणि काटकसरी आतडे आणखी कंजूष होते. शिवाय अनेक वृद्ध स्त्रिया मुद्दामच पाणी कमी पितात. लघवीला लागले तर सुनेला उठवावे लागेल, हा संकोच त्यामागे असतो. दात नसल्याने भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये सुटतात आणि चहा-बिस्किट, साबुदाणा, पातळ भात यांवर भागवले जाते. त्यात तंतू जवळजवळ नसतात.

मग औषधांची पाळी. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधे, रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधे यांनी मलावरोध होतो. सगळ्यांत जास्त होतो तो मॉर्फिन, कोडीन यांसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांनी. आतड्याच्या चेताजाळ्यातही अफूचे ग्राही असतात. तिथे मॉर्फिन बसले की पुढे ढकलणाऱ्या लाटा कमी होतात आणि आतड्यात पाझरणारा रसही घटतो. या औषधामुळे येणारी गुंगी शरीर काही दिवसांत सवयीचे करून घेते. मलावरोधाची सवय मात्र सहसा होत नाही. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन सुरू करतानाच त्याच्या जोडीला रेचक सुरू करण्याची पद्धत आहे.

शेवटची अडचण बसण्याची. उकिडवे बसले की मलाशय आणि गुदमार्ग यांच्यातला कोन मोकळा होतो. आडवे पडून, कमरेखाली बेडपॅन घेऊन, पडदा नसलेल्या खोलीत मलविसर्जन करणे हे शरीराला अवघड आणि मनाला त्याहून अवघड असते.

बोळा आणि झिरपणारे पाणी

आता आजींच्या ‘हगवणी’कडे वळू. मोरीच्या पाइपात चिंध्यांचा बोळा अडकला तर काय होते? मागे पाणी तुंबते, पण पूर्ण अडत नाही. बोळ्याच्या कडेने थोडे थोडे झिरपत राहते. मलाशयात कोरड्या मलाचा मोठा गोळा घट्ट बसला की तसेच होते. मागून येणारा पातळ भाग त्याच्या कडेने पाझरतो. ताणलेल्या मलाशयामुळे गुदद्वाराचा ताबा सुटलेला असतो, त्यामुळे कपडे नकळत भरतात. पाहणाऱ्याला वाटते जुलाब झाले. प्रत्यक्षात हे बद्धकोष्ठतेचे टोक असते.

अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी म्हणजे अडकलेल्या बोळ्यावर आणखी एक बोळा. रुग्णाला अस्वस्थता येते, भूक जाते, लघवी तुंबते आणि म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागते. क्वचित आतडे पूर्ण अडते किंवा त्याला जखम होते. निदान मात्र बहुतेक वेळा साधे असते: हातमोजा घालून, तेल लावलेल्या बोटाने केलेली तपासणी. ती जाणकार परिचारिकेने किंवा डॉक्टरांनीच करायची.

सारक आणि रेचक

आपल्या भाषेत ‘सारक’ आणि ‘रेचक’ असे दोन शब्द आहेत. हलके सरकवते ते सारक, जोराने रिकामे करते ते रेचक. आजचे औषधशास्त्र याच कामाचे चार-पाच गट पाडते. प्रत्येकाची रीत वेगळी आहे आणि रीत कळली की धोकाही कळतो.

पहिला गट फुगणाऱ्या पदार्थांचा. यात आपला इसबगोल. नाव फारसी, ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘घोल’ म्हणजे कान, बियांच्या आकारावरून पडलेले. उत्तर गुजरात आणि राजस्थानात हे रब्बीचे पीक निघते आणि उंझ्याच्या बाजारातून जगभर जाते. बियांवरच्या सालीत चिकट शर्करासाखळ्या असतात. त्या पाणी धरून फुगतात, मल मोठा आणि मऊ होतो, भिंत ताणली जाते आणि लाट उठते. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात. हिंडत्या-फिरत्या, पाणी पिणाऱ्या माणसासाठी हा उत्तम उपाय. पण पुरेसे पाणी न पिणाऱ्या, मॉर्फिन घेणाऱ्या किंवा आधीच खडा अडकलेल्या रुग्णाला इसबगोल दिला तर तोच बोळा होऊन बसतो. घरगुती म्हणून निर्धोक, हा समज इथे महागात पडतो.

दुसरा गट पाणी धरून ठेवणाऱ्या औषधांचा. वऱ्हाडातल्या वाचकांना पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ठाऊक आहे. तिथे विहिरीत पाणी दिसते, पण ते पिकाला देता येत नाही. क्षार जास्त असले की मुळांना पाणी ओढून घेणे अवघड जाते. हेच परासरण. आतड्यात न शोषला जाणारा पदार्थ सोडला की तो पाणी आतड्यातच रोखतो. लॅक्ट्युलोज ही गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांची जोडशर्करा. ती तोडणारे विकर माणसाकडे नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जीवाणू तिची आम्ले करतात आणि पाणी आत राहते. म्हणूनच तिने पोटात वायूही होतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा लांब साखळीचा रेणू जीवाणूंनाही पचत नाही. तो पाण्यात विरघळवून देतात आणि तेच पाणी घेऊन तो खाली उतरतो. ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ हे मॅग्नेशियमचे आम्लारी संयुगही याच गटातले. पण मूत्रपिंडे दुबळी असतील तर मॅग्नेशियम रक्तात साठते, म्हणून वृद्धांना ते विचारूनच द्यावे.

तिसरा गट आतड्याला डिवचणाऱ्यांचा. सोनामुखी, एरंडेल, बिसाकोडिल हे यातले. उन्हाळ्यात पिवळाधमक फुलणारा बहावा, रस्त्याकडेचा तरवड आणि पावसाळ्यात उगवणारा टाकळा हे सोनामुखीचे भाऊबंद. बहाव्याच्या शेंगेतला काळा मगज सारक म्हणून जुना आहे. सोनामुखीतली सेनोसाइड ही द्रव्ये स्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९४१ साली वेगळी केली. गंमत अशी की ही द्रव्ये स्वतः फारसे काही करत नाहीत. त्यांना साखरेचा रेणू जोडलेला असतो. मोठ्या आतड्यातले जीवाणू ती साखर तोडतात तेव्हा खरे औषध तयार होते. या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात. म्हणून सोनामुखी रात्री झोपताना घ्यायची. काम सकाळी होते.

एरंडेल दोन ते सहा तासांत काम करते. त्यातले रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरच्या कोणत्या ग्राहीवर बसते हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवले. म्हणजे आजीबाईच्या बटव्यातले तेल कसे चालते हे कळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. मात्र एरंडेलाने पोटात जोराची कळ येते आणि पाणी भराभर जाते. अशक्त, खाटेवरच्या माणसाला ते देऊ नये. आणि एरंडीच्या बिया जहाल विषारी असतात, हेही मुलांना सांगायला हवे. ते विष गाळलेल्या तेलात नसते, बियांत आणि पेंडीत असते.

याच गटातला एक जुना सभासद प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत आहे: फिनॉल्फथॅलीन. आम्लारीत गुलाबी होणारा हा दर्शक १९०० च्या सुमारास हंगेरीत हलकी वाइन ओळखता यावी म्हणून तिच्यात मिसळायचे ठरले आणि त्याच सुमारास तो रेचक असल्याचे ध्यानात आले. पुढे कित्येक दशके तो चॉकलेटी वड्यांतून विकला गेला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगाचा संशय आल्यावर अमेरिकेत १९९९ साली त्याची औषध म्हणून विक्री थांबवण्यात आली. शेल्फावरची बाटली मुलांच्या हाती पडू नये, याचे हे आणखी एक कारण.

चौथा गट मऊ करणाऱ्यांचा. डॉक्युसेट हे रसायन साबणासारखे पृष्ठताण कमी करते. त्यामुळे खड्यात पाणी शिरेल अशी कल्पना. कल्पना सुबक आहे, पण कसोटीला फारशी उतरत नाही. कॅनडात मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहांत ७४ जणांवर झालेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. सोनामुखीबरोबर डॉक्युसेट दिलेल्या आणि सोनामुखीबरोबर औषधाविना नुसती गोळी दिलेल्या रुग्णांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. ‘असे व्हायला हवे’ आणि ‘असे होते’ यांतले अंतर शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. याच गटात लिक्विड पॅराफिन येते. गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसात हे तेल गेले तर चिवट न्यूमोनिया होतो, म्हणून आडव्या रुग्णाला ते देत नाहीत.

शेवटी खालून द्यायची औषधे: ग्लिसरिनची वात, बिसाकोडिलची वात, एनिमा. वात पंधरा मिनिटे ते तासाभरात काम करते. एनिमा देताना रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो आणि पाणी उताराने जाते. फॉस्फेटचा तयार एनिमा वृद्धांत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत रक्तातले क्षार बिघडवू शकतो. तोही मनाने द्यायचा नाही.

औषधाआधीचे औषध

परिचारिका शिकतात ती पहिली गोष्ट औषधाची नाही, नोंदीची. कधी झाले, किती, कसे. ‘कसे’ सांगायला एक सोपी पट्टी आहे. ब्रिस्टलच्या लुइस आणि हीटन यांनी ती १९९७ साली प्रसिद्ध केली. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, चौथा गुळगुळीत मऊ लांबट आणि सातवा निव्वळ पाणी. आकारावरून माल आतड्यात किती वेळ थांबला याचा अंदाज येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहिला तरी पुरते. आजींच्या घरी असे कॅलेंडर असते तर चौथ्या दिवशीच लक्षात आले असते.

त्यानंतर वेळ. सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासात, लाटेच्या वेळी, बसवायचे. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली असेल तर बेडपॅनपेक्षा कमोडची खुर्ची बरी. पायांखाली पाट ठेवला की गुडघे वर येतात आणि उकिडव्याच्या जवळची बैठक मिळते. पण मांडीच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आधी विचारायला हवे. दार लावून घ्यावे, घाई करू नये. पाणी एकदम तांब्याभर न देता दर तासाला थोडे थोडे द्यावे. ताक, वरणाचे पाणी, सरबत चालते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला किती पाणी द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, पालेभाजी घोटून, पपई, भिजवलेल्या मनुका, अशा वाटेने दात नसतानाही तंतू पोटात जातात.

एवढे करूनही अनेक रुग्णांना औषध लागतेच, आणि त्यात कमीपणा नाही. ‘रेचकाची सवय लागते, आतडे आळशी होते’ असे सर्रास म्हटले जाते. सांगितलेल्या मात्रेत घेतलेल्या औषधांनी आतडे कायमचे निकामी होते याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. या भीतीपायी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाचे रेचक बंद करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. उलट, धडधाकट माणसाला रोज पोट ‘साफ’ झालेच पाहिजे हाही गैरसमज. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा एवढा मोठा पट्टा निरोगी मानला जातो. मल साठला की त्याचे विष रक्तात भिनते, या कल्पनेपोटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे सर्जन अर्बथनॉट लेन रुग्णांची मोठी आतडीच काढून टाकत. ती कल्पना पुढे टिकली नाही. आजही तिच्या जोरावर चूर्णे खपतात.

काही वेळा मात्र कोणतेही रेचक द्यायचे नाही, थेट डॉक्टरांकडे जायचे. पोट फुगले आहे आणि वायूही सरत नाही, उलट्या होत आहेत, पोटात जोराची वेदना आहे, मलात रक्त आहे, किंवा उतारवयात सवय एकाएकी बदलली आहे, ही ती लक्षणे. आणि हो, दहा दिवसांनंतरचे अचानक जुलाबही.

वर्गात करून पाहा

दोन पेले घ्या. दोन्हींत एक-एक चमचा इसबगोल टाका. एकात पेलाभर पाणी ओतून ढवळा, दुसऱ्यात दोनच चमचे पाणी घाला. दहा मिनिटांनी दोन्ही पेले उपडे करा. एकातून लिबलिबीत पेज ओघळेल, दुसऱ्यात चिकट गोळा बसून राहील. गट पहिला समजला.

चार मनुका साध्या पाण्यात आणि चार साखरेच्या दाट पाकात रात्रभर ठेवा. सकाळी कोणत्या फुगल्या ते पाहा. साखर पाणी कशी धरून ठेवते हे दिसेल. गट दुसरा समजला.

वाटीभर पाण्यावर बारीक कोरडी माती भुरभुरा. बरीचशी वरच तरंगेल. आता काडीने साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. माती भिजून खाली बसू लागेल. डॉक्युसेटची कल्पना इथून आली. मग मुलांना विचारा, वाटीत जे घडले ते आतड्यात घडतेच असे का म्हणता येत नाही?

त्या मुलीच्या वर्गशिक्षकांचा आठवड्याने फोन आला. आजींना त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेले होते. तपासणीत गोळा लागला. परिचारिकेने तो हळूहळू मोकळा केला, दोन दिवस एनिमा दिले आणि नंतर डॉक्टरांनी पाणी धरणारे औषध रोजचे ठरवून दिले. आजी पुन्हा जेवू लागल्या. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहायला सुरुवात केली आहे. बाबांनी विचारले तेव्हा तिने कोणताही आडपडदा न ठेवता आकड्यांचा अर्थ सांगितला म्हणे.

वर्ग सुटल्यावर तिला मागे थांबावे लागले, ते या विषयाची आपण लाज बाळगतो म्हणून. मोठे आतडे शिकवताना पुस्तकातल्या दोन ओळींपाशी न थांबता आपण आणखी पंधरा मिनिटे दिली, तर पुढच्या वेळी हा प्रश्न भर वर्गात विचारला जाईल आणि त्याचे उत्तर अनेक घरांपर्यंत पोचेल.